उजवीकडे कललेली मान

बाबासाहेब चौगुले खुर्चीतून उठले आणि खोलीतल्या सगळ्यांचा श्वास जागच्या जागी थांबला.

नुसते उठले नाहीत. आधी दोन्ही तळवे मांड्यांवर थापटले, मग छाती पुढं काढली, मान एकदा झटकली आणि गावची जत्रा जिंकून आल्यासारखे ऐटीत उभे राहिले. मेंदूत रक्ताची गुठळी होऊन सत्तर दिवस झाले होते. त्यांच्या अंगात ताकद होती, ऐकू येत होतं, सगळं समजत होतं. पण हालचाल सुरू कशी करायची, एवढंच त्यांचा मेंदू विसरून गेला होता. समोरच्या पडद्यावर पंचावन्न वर्षांपूर्वीच्या एका कुस्तीच्या चित्रपटातला नायक आखाड्याच्या कडेवरून उठत होता. मांडी, छाती, मान. चौगुलेंनी सगळं तसंच, त्याच क्रमानं केलं होतं.

"आगं बया!" त्यांच्या बायकोनं तोंडावर पदर धरला. "लग्नात बोहल्यावरनं आस्संच उठलं हुतं हे!"

"वहिनी, हे उठणं तुमच्या मालकांचं न्हवंच," डॉक्टर फिरोज मुजावर हसत म्हणाले. कोल्हापूरच्या या हालचाल-वंश प्रयोगशाळेचे ते प्रमुख. साठी उलटलेली, गणित आणि मेंदू दोन्ही विषय कोळून प्यालेला माणूस. पण रुग्णांशी बोलताना भाषा थेट गल्लीतली. "हा पिच्चर त्यांनी कितींदा बघितला असंल?"

"सतरांदा. आजून सांगत्यात की जेवताना."

"मग झालं तर. उठणं, बसणं, लाजणं, रागावणं, सगळं माणूस कुणाकडं तरी टक लावून बघूनच शिकतो. आणि ज्याच्याकडं बघून शिकला, त्याची लय अंगात मुरून बसते. किती वेळ थांबायचं, कुठं झटका द्यायचा, सगळं. त्याला आम्ही लयखूण म्हणतो. हालचाल पुसली गेली तरी लयखूण खाली कुठंतरी शाबूत असते. तो मूळ माणूस परत डोळ्यांपुढं आणला की ती जागी होते."

"आन् दुसऱ्याच कुणाला दावलं तर?"

"तर काही होत नाही. मूळच लागतं."

दाराशी उभ्या असलेल्या डॉक्टर मंजिरी सातपुतेंनी हे वाक्य ऐकलं आणि मान खाली घातली. चौगुलेंचं मूळ तिनंच शोधून दिलं होतं. आतापर्यंत एकशे सत्तावीस माणसं तिच्या हातून पुन्हा हलती झाली होती. आणि पलीकडच्या चार नंबरच्या खोलीत तिची स्वतःची आई, आक्काताई, त्याच दुखण्यानं एक्क्याऐंशी दिवस उघड्या डोळ्यांनी समोर बघत बसून होती. नव्वद दिवसांनंतर मेंदूतल्या त्या वाटा बुजतात, हेही मंजिरीनंच सिद्ध केलेलं. उरले होते नऊ दिवस.

*

प्रयोगशाळेत एक मोठी भिंत होती, आणि त्या भिंतीवर महाराष्ट्र होता.

मूळ शोधणाऱ्या यंत्राला त्यांनी वंशदर्शक हे नाव दिलं होतं. त्याच्या पोटात चित्रकोश होता, म्हणजे हाताला लागतील तेवढे सगळे चित्रपट आणि मालिका, अगदी एकेका चेहऱ्याच्या हालचालीसकट. दुसऱ्या बाजूला अकरा लाख माणसांनी संशोधनासाठी आपणहून दिलेल्या घरगुती चित्रफिती होत्या. बारसं, साखरपुडा, सहल, भांडणसुद्धा. यंत्र दोन्हीकडच्या लयी ताडून बघायचं आणि सांगायचं, या बाईचं लाजणं या चित्रपटातून आलंय, या गृहस्थाचं बोट नाचवणं त्या मालिकेतल्या वकिलाचं आहे.

नवख्या माणसाला मंजिरी नेहमी एकच हालचाल दाखवायची. दोन हजार आठ साली 'मोरपंखी अंगण' नावाची मालिका लागत असे. तिची नायिका वैदेही कुणाला माफ करायची झाली की काही बोलत नसे. मान उजवीकडे हळूच कलवायची, डोळे अर्धे मिटायची, बस्स. त्याआधीच्या घरगुती चित्रफितींत महाराष्ट्रात असं कुणीच माफ करत नव्हतं. मालिका सुरू होऊन चार महिने झाले आणि भिंतीवर पहिला ठिपका लागला, परभणीत. मग दोन चिपळुणात, एक गडचिरोलीच्या टोकाला. वर्षभरात भिंत चांदण्यांनी भरून गेली. सुना सासवांना, बाप मुलांना, मास्तर वर्गाला, सगळे त्याच एका पद्धतीनं माफ करू लागले होते. एका बाईनं एका दुपारी चित्रीकरणाच्या दिव्यांखाली मान कलवली आणि लाखो माणसांच्या घरातली क्षमा बदलून गेली. हे पहिल्यांदा दिसलं तेव्हा मंजिरीच्या अंगावर सरसरून काटा आला होता. अजूनही येई.

या अकरा लाखांतूनच तिनं आपला नियम शोधला होता, आणि त्याचा तिला अभिमानही होता. हात तर ज्याचा त्याचा उजवा-डावा ठरलेलाच असतो. पण मान, भुवई, खांदा यांची नक्कल माणूस आरशासारखी करतो. पडद्यावरची वैदेही तिच्या उजवीकडे कलली की बघणारा आपल्या डावीकडे कलतो. शिवाय नक्कल मुळापेक्षा थोडी संथ असते, शंभरात सहा भागांनी. जगभर तो सातपुतेंचा आरसा-नियम म्हणून शिकवला जात होता, आणि वंशदर्शकही तोच नियम धरून लयी ताडायचा.

आई आजारी पडल्यावर मंजिरीनं तिच्या त्रेसष्ट चित्रफिती यंत्राला दिल्या. यंत्र म्हणालं, वंश सापडत नाही. मंजिरी क्षणभर गोंधळली. मग तिच्या लक्षात आलं की जुन्या मोबाइलचा पुढचा कॅमेरा चित्र उलटं घ्यायचा. डाव्याचं उजवं. तिनं सगळ्या चित्रफिती पालटून घेतल्या आणि यंत्रानं पटापटा उत्तरं दिली. मान वैदेहीची, भुवई वैदेहीची, खांदा उडवणंही वैदेहीचं.

तिला बरं वाटायला हवं होतं. पण तसं झालं नाही. सहावीत असताना तिच्या हातून रंगाचा डबा तयार चपलांच्या थप्पीवर सांडला होता. आई कोल्हापुरी चपलांच्या वेण्या गुंफायची. ते आठवड्याचं काम होतं. आईनं थप्पीकडे बघितलं, मंजिरीकडे बघितलं आणि मान कलवली. आयुष्यात कितीही चुकलं तरी त्या कललेल्या मानेपाशी परत येता येतं, हे मंजिरी तेव्हा शिकली. आणि ती मान एका मालिकेतून उचललेली निघाली! म्हणजे आपल्या वाट्याला आलेली माफीही उसनीच, असं तिला वाटलं, आणि ते तिनं कुणाला सांगितलं नाही.

पण उसनी तर उसनी, जागी तरी व्हायला हवी होती. वैदेहीची दृश्यं तिनं आईला सेहेचाळीस वेळा दाखवली. आईचे डोळे पडद्यावर असत. मान ढिम्म हलत नसे.

*

सत्तेचाळिसावा प्रयोग फसला तेव्हा मुजावर सर तिच्या शेजारी येऊन बसले.

"मंजिरी, चौगुले एका दाखवण्यात उठले. तुझ्या आईचा मेंदू त्यांच्यापेक्षा चांगला आहे. मग?"

"माहीत नाही सर."

"मूळ चुकलंय."

"चौऱ्याण्णव टक्के जुळतंय!"

"जुळतंय गं. पण मूळ असणं वेगळं आणि जुळणं वेगळं. पहिल्यापासून बघ. यंत्राची आकडेमोड सोड, नुसती डोळ्यांनी बघ. आई आहे ती तुझी."

मंजिरीनं चडफडत पहिली चित्रफीत लावली. तिला डॉक्टरेट मिळाली त्या दिवशीची होती. आई दारात उभी, पिवळी साडी, हातात ओवाळायचं ताट. मंजिरीला यायला उशीर झालेला, त्याबद्दल ती काहीतरी सबब सांगतेय, आणि आई मान कलवतेय. डावीकडे. नियमाप्रमाणे.

मंजिरीनं चित्र थांबवलं. काहीतरी खुपत होतं. ती पडद्याजवळ गेली.

"सर, पदर."

"काय झालं पदराला?"

"आईचा पदर उजव्या खांद्यावर आहे. आईनं जन्मात कधी उजव्या खांद्यावर पदर घेतलेला नाही." तिचा आवाज चिरकला. "मी पालटलंय हे. चित्र मुळात सरळच होतं. कॅमेरा बरोबर होता, मीच…"

हुशार माणसाला चूक दिसली की ती दुसऱ्याची असणार असंच वाटतं. मंजिरीच्या नियमात आई बसली नाही, तेव्हा तिनं नियमाला नव्हे, आईलाच उलटं केलं होतं. आणि ओवाळायचं ताट, नाकातली चमकी, दारावरचं नाव, एवढं सगळं उलटं दिसत असताना दोन महिने तिला काही दिसलं नव्हतं. कारण ती फक्त मानेचे आकडे बघत होती.

तिनं पालटलेली सगळी चित्रं परत सरळ केली. आता पदर डाव्या खांद्यावर आला, आणि आईची मान उजवीकडे कलली. अगदी वैदेहीसारखी, त्याच बाजूला.

"अकरा लाखांत एक," ती पुटपुटली. "सगळे उलटे आणि आई एकटी सुलटी. हे शक्य नाही सर. समोर बघून शिकणारा माणूस उलटाच शिकतो."

"आणि वेग?"

तिनं आकडा वाचला. "मुळापेक्षा बारा भागांनी संथ. आजारपणाची सुरुवात असेल म्हणून मी सोडून दिला होता."

 मुजावर सरांनी टेबलावरचा कागद घेतला, त्यावर 'मं' लिहिलं आणि खिशातल्या चष्म्याच्या डबीतला छोटा आरसा त्यासमोर धरला. अक्षर उलटं दिसलं. त्या आरशासमोर त्यांनी मंजिरीच्या टेबलावरचा दुसरा आरसा धरला. दुसऱ्या आरशात 'मं' पुन्हा सुलटा होता.

"एक आरसा म्हणजे उलटं आणि सहा भाग संथ," ते म्हणाले. "दोन आरसे म्हणजे सुलटं आणि बारा भाग संथ. तुझ्या आईनं वैदेहीची नक्कल केलेली नाही, मंजिरी. वैदेहीची नक्कल करणाऱ्या कुणाची तरी केलीय. दोघींच्या मध्ये कुणीतरी बसलंय."

"पण आई रोज बघायची मालिका. दुपारी एकचं पुनःप्रक्षेपण. सकाळची शाळा करून मी यायचे आणि आम्ही दोघी बघायचो. मला अजून तिचा चेहरा दिसतो बघताना, असा समोर…"

आणि ती थांबली.

ती टीव्हीकडे बघत होती. मग आईचा चेहरा तिला समोर कसा दिसत होता?

*

दीड खोलीचं घर. मागच्या भिंतीला फडताळ, फडताळावर टीव्ही. समोर दार, तेवढाच उजेड. चामड्याच्या पट्ट्या ओल्या असेपर्यंतच गुंफायच्या असत आणि गुंफायला उजेड लागे. म्हणून आई फडताळाला पाठ टेकून दाराकडे तोंड करून बसायची. मंजिरी उंबऱ्याला टेकून, टीव्हीकडे तोंड करून. टीव्ही आईच्या डोक्यावर, बरोबर मागं. हात वेणीवर आपोआप चालत आणि नजर वर उचलली की समोर काय, तर आठ वर्षांची पोर. तोंड उघडं, डोळे विस्फारलेले, वैदेहीबरोबर हसणारी, वैदेहीबरोबर मान कलवणारी.

दोन वर्षं आईनं ती मालिका बघितली होती, मंजिरीच्या चेहऱ्यावर.

हे कळलं तेव्हा डॉक्टर मंजिरी सातपुते, जगभर जिचा नियम शिकवतात ती बाई, खुर्चीत बसून लहान मुलीसारखी रडली. मुजावर सरांनी चष्मा पुसायचं निमित्त काढून तोंड फिरवलं.

"मग आता मूळ कुणाला आणायचं?" ती नाक पुसत म्हणाली. "आठ वर्षांची मंजिरी कुठं मिळणार? माझी एक चित्रफीत नाही त्या वयातली."

"मिळेल की. तुझं मूळ चित्रकोशात आहे ना? वैदेही दिसली की तू आठ वर्षांची होशील. तुझाच नियम आहे, विश्वास ठेव जरा."

*

त्याच दुपारी त्यांनी चार नंबरच्या खोलीत सगळं तसं मांडलं. आक्काताईंची खुर्ची भिंतीला पाठ करून. तिच्या डोक्यावर, मागच्या फळीवर पडदा. समोर दाराशी सतरंजी, आणि सतरंजीवर मांडी घालून अठ्ठेचाळीस वर्षांची मंजिरी.

"दोन गोष्टी," सर म्हणाले. "एक, मुद्दाम काही करायचं नाही. करून दाखवलेल्या हालचालीची लय खोटी असते. नुसतं बघ. दोन, आईकडं बघायचं नाही. काहीही झालं तरी. तुझी नजर पडद्यावरून हलली की साखळी तुटली."

पहिला भाग लागला. मंजिरीला आधी संकोच वाटला. कसले ते भडक पडदे, तीन-तीनदा वळणारे चेहरे, धडाडणारं संगीत! दुसऱ्या भागात तिला पुढचा संवाद आठवला आणि हसू आलं. तिसऱ्यात वैदेहीच्या जावेनं दागिने चोरल्याचं उघड झालं, आणि मंजिरी हात हनुवटीला लावून पुढं सरकली. जाऊ रडत पाया पडली. संगीत थांबलं. वैदेहीनं तिच्याकडे बघितलं.

आपली मान हलल्याचं मंजिरीला कळलंही नाही.

तेवढ्यात कोपऱ्यातून सरांचा खोल श्वास ऐकू आला.

"मंजिरी," ते अगदी हळू म्हणाले. "इकडं बघू नको. पडद्याकडं बघ पोरी. बघत राहा."

एक्क्याऐंशी दिवस तिनं ज्या चेहऱ्यावर काही हलतंय का म्हणून डोळ्यांत तेल घालून पहारा केला, तो चेहरा हातभर खाली होता आणि तिला बघायची बंदी होती. तिनं बघितलं नाही. डोळे भरून आले, वैदेहीचे दोन-चार तुकडे झाले, तरी ती त्या तुकड्यांकडे बघत राहिली. जाऊ उठली. सासू आली. कुणीतरी दार लावून घेतलं. भाग संपला आणि नावं वर सरकू लागली, तेव्हा तिनं नजर खाली आणली.

आक्काताईंची मान उजवीकडे कलली होती. डोळे अर्धे मिटलेले. ती मंजिरीकडे बघत होती.

मंजिरी गुडघ्यांवर चालत तिच्यापर्यंत गेली आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवून म्हणाली, "आई, मी तुला उलटं केलं होतं गं." याचा अर्थ आक्काताईंना कळला नसेल. मान मात्र तशीच कललेली राहिली.

*

पुढच्या दिवसांत भुवई आली, खांदा आला, हात आले. आणि इकडे मुजावर सरांनी एक साधी गोष्ट केली. अकरा लाखांबाहेरच्या ज्या चित्रफिती वंश सापडत नाही म्हणून बाजूला टाकल्या होत्या, त्या त्यांनी दोन आरशांच्या हिशेबानं पुन्हा तपासल्या.

भिंतीवर दुसऱ्या रंगाचे ठिपके लागू लागले, आधी एखाददुसरा, मग झुबक्यांनी. स्वयंपाकघराच्या दारातून फक्त नवऱ्याचं तोंड दिसणाऱ्या बाया. वर्तमानपत्राआडून नातीकडे बघणारे आजोबा. जन्मात चित्रपटगृहाची पायरी न चढलेली, बाहेर पडणाऱ्या माणसांचे चेहरे बघत शेंगा विकणारी म्हातारी. पडद्याकडे पाठ करून बसलेली माणसं! त्यांनी काही बघितलं नव्हतं, आणि तरी ती त्याच लयीत हसत होती, रुसत होती, माफ करत होती. पावणेदोन लाख. काही ठिपके तीन आरशांचे होते, काही चारांचे. प्रकाश पडद्यावरून निघून माणसामाणसांवरून कुठवर गेला होता, त्याला अंतच दिसेना. मंजिरी भिंतीपुढं उभी राहिली. माणसं पडद्याकडे बघतात, एवढंच ती इतकी वर्षं मोजत आली होती. माणसं एकमेकांकडे किती बघतात, ते तिनं मोजलंच नव्हतं. उसनं म्हणावं असं त्यात काही तिला आता दिसेना.

अठ्ठ्याऐंशीव्या दिवशी मालिकेचा एकशे बारावा भाग चालू होता. मंजिरी सतरंजीवर, नजर वर. आक्काताई खुर्चीत. जीभ दोन दिवसांपासून वळू लागली होती, पण अजून शब्द फुटला नव्हता.

खुर्ची करकरली. आक्काताईंनी दोन्ही हातांनी खुर्चीचा कठडा धरला आणि अंग वळवलं. सावकाश, एकेक मणका मोजत. ज्या पडद्याला पाठ करून तिनं वेण्या गुंफल्या, त्याच्याकडे ती पहिल्यांदा समोरून बघत होती. सत्तेचाळीस वेळा तिला दाखवलेले ते तुटक तुकडे नव्हे, चालतीबोलती वैदेही, तिचं रागावणं, फुरंगटणं, वळून बघणं.

मंजिरी उभी राहिली. आईला पडद्यावर स्वतःचीच मान दिसेल, स्वतःचीच भुवई दिसेल. ओळखेल का ती? वाईट वाटेल का तिला?

वैदेहीनं मान कलवली. आक्काताई बराच वेळ बघत राहिली. मग तिचे ओठ हलले, आणि तीन महिन्यांनी तिचा आवाज फुटला, घोगरा आणि कौतुकानं भरलेला.

"मंजे, ही बाई कोण गं? सगळं तुझ्यावाणीच करतीया. तुला कवा बघून गेली हुती?"